वऱ्हाडांतील प्रवेशपरीक्षा आणि इंग्रजीचा अभ्यास

परदेशांतील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठीं जाऊं इच्छिणारा अमरावतीचा किंवा अकोल्याचा विद्यार्थी आज इंग्रजी उतारे वाचण्याचा सराव करतो, अवघड शब्दांच्या याद्या करतो आणि घड्याळ पुढें ठेवून प्रश्नपत्रिका सोडवितो. हा सारा उद्योग अगदीं नव्या काळाचा आहे, असें प्रथमदर्शनीं वाटतें. वस्तुतः वऱ्हाडांत त्याला दीडशें वर्षांची परंपरा आहे. ज्या परीक्षेला लोक मॅट्रिक म्हणत, ती केवळ शाळा संपल्याची परीक्षा नव्हती. विद्यापीठांत प्रवेश मिळविण्याची ती परीक्षा होती. कलकत्त्याकडे तर तिचें नांवच ‘एंट्रन्स’ असें होतें. या परीक्षेच्या दाराशीं वऱ्हाडांतील अनेक पिढ्या उभ्या राहिल्या. त्यांना इंग्रजी कसें शिकावें लागलें, आणि त्या शिकण्यांतून काय टिकलें व काय वाहून गेलें, हा इतिहास आजच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडण्याजोगा आहे.

१८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं दिला. सरकारी कागदांत त्याला हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स हें लांबलचक नांव मिळालें. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतील कापसाला एकाएकीं सोन्याचें मोल आलें. १८६७ सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा या मार्गानें नागपुरास पोंचला. रेल्वेमागून व्यापारी आले, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, न्यायकचेऱ्या वाढल्या, आणि या सर्वांबरोबर इंग्रजी भाषा आली. बाजारांत ‘बेल’ म्हणजे कापसाची गठाण, कचेरींत ‘बेल’ म्हणजे जामीन, आणि शाळेंत ‘बेल’ म्हणजे घंटा. वऱ्हाडी कानाला तिन्ही शब्द एकच. हिज्जे मात्र तीन. शेतकऱ्याच्या मुलाला पाटीवर हे तीन हिज्जे निरनिराळे काढतांना जो घाम फुटला असेल, त्याची कल्पना करणें कठीण नाहीं.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठें १८५७ सालीं स्थापन झालीं. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्यें झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी होत. वऱ्हाडांत शिक्षणखात्याची घडी बसूं लागली व अमरावती आणि अकोला येथें सरकारी हायस्कुलें उभीं राहिलीं, तेव्हां त्यांचें तोंड मुंबईकडेच होतें. प्रांतांत एकही कॉलेज नव्हतें. नागपुरास हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्यें व मॉरिस कॉलेज १८८५ मध्यें निघालें. पण वऱ्हाडच्या भूमीवर कॉलेज निघण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत उच्च शिक्षण म्हणजे घर सोडून मुंबई, पुणें किंवा नागपूर गांठणें. आणि तेथील कॉलेजांत पाऊल ठेवण्यापूर्वीं मॅट्रिकचा उंबरठा ओलांडणें.

हा उंबरठा उंच कां वाटे, हें नीट समजून घेतलें पाहिजे. इंग्रजी हा त्या परीक्षेंतील एक विषय होता एवढेंच नव्हे, तर इतिहास, भूगोल, गणित हे विषयही इंग्रजींतूनच लिहावे लागत. म्हणजे ज्याची इंग्रजी कच्ची, त्याचें सर्वच कच्चें ठरे. त्यांतून वऱ्हाडच्या मुलाला एक पायरी अधिक चढावी लागे. घरीं तो वऱ्हाडी बोली बोले. शाळेंतील क्रमिक पुस्तकें पुणेरी वळणाच्या ग्रांथिक मराठींत लिहिलेलीं असत. त्या मराठीशीं ओळख होते न होते, तोंच तिच्या आधारानें इंग्रजी शिकावयाची. इंग्रजी शब्दाचा जो मराठी अर्थ शिक्षक सांगत, तो अर्थच पुष्कळदां मुलाला परका असे.

साधनें तरी कोणतीं होतीं? मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रथम निघाला व १८५७ मध्यें त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति आली. मोल्सवर्थ व कॅन्डी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. हे ग्रंथ थोर खरेच. पण ते जाडजूड व महाग होते, आणि खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्याच्या पेटींत ते असणें शक्य नव्हतें. मुंबई इलाख्याचे शिक्षणाधिकारी हॉवर्ड यांच्या नांवानें ओळखलीं जाणारीं इंग्रजी वाचनाचीं पुस्तकें शाळांतून चालत. पुढें नेस्फील्डचें व्याकरण आलें, त्यानंतर रेन व मार्टिन यांचें आलें. मराठी घरांतून ज्या पुस्तकाचें नांव सर्वांत जिव्हाळ्यानें घेतलें गेलें, तें मात्र तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेचें. प्रथम थोडे शब्द, मग एक नियम, मग इंग्रजीचें मराठी व मराठीचें इंग्रजी करण्यासाठीं वाक्यें, अशी तिची साधी मांडणी. शिक्षक जवळ नसला तरी चिकाटीच्या मुलाला त्या पाठांवरून वाट काढतां येई.

परंतु परीक्षा जवळ आली कीं चिकाटीपेक्षां घाई बळावते. शब्द व अर्थ यांच्या जोड्या पाठ करणें, व्याकरणाचे नियम उदाहरणांवांचून घोकणें, ठरीव निबंध तोंडपाठ करून जाणें, आणि नेमलेल्या पुस्तकांच्या बाजारी ‘किल्ल्या’ वापरणें, हे मार्ग हिंदुस्थानभर रुळले. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत १९०२ सालीं नेमलेल्या युनिव्हर्सिटी कमिशननें या दोषावर नेमकें बोट ठेवलें. परीक्षा ही अध्यापनाच्या मागून चालावयाची, त्याऐवजीं सारें अध्यापन परीक्षेच्या मागून फरफटत चाललें आहे, असा त्या कमिशनचा मुख्य आक्षेप होता. आक्षेप रास्त होता. परंतु घोकणाऱ्या मुलाला केवळ दोष देऊन भागत नाहीं. ज्याच्या गांवीं इंग्रजी बोलणारा मनुष्य नाहीं, ज्याच्या घरीं दुसरें इंग्रजी पुस्तक नाहीं, आणि नापास झाल्यास ज्याला पुनः फी भरण्याची ऐपत नाहीं, त्यानें पाठांतराचा आधार घेतला तर त्यांत नवल काय? घोकंपट्टीच्या मुळाशीं आळसापेक्षां पुस्तकांचा दुष्काळ अधिक होता.

तरीही पाठांतराची मर्यादा लपत नाहीं. एक साधा शब्द घ्यावा. ‘इश्यू’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ वर्तमानपत्राच्या कचेरींत ‘अंक’ असा होतो, न्यायालयांत ‘वादाचा मुद्दा’ असा होतो, आणि वारसाच्या कागदांत ‘संतति’ असा होतो. यादींतून एकच अर्थ उचललेला विद्यार्थी उतारा वाचतांना हमखास अडखळतो. मराठीचेंही तसेंच आहे. ‘पाणी’ या शब्दाचा अर्थ पाठ केलेल्या परकीयाला ‘त्यानें समोरच्याचें पाणी जोखलें’ या वाक्याचा बोध कसा व्हावा? शब्द वाक्यांत राहतो आणि वाक्य प्रसंगांत राहतें. तेथून उपटून यादींत लावलेला शब्द फार दिवस जगत नाहीं.

शब्द जिवंत ठेवून शिकण्याचा दुसरा मार्ग वऱ्हाडांत कोणीच दाखविला नाहीं, असें मात्र नाहीं. विष्णु मोरेश्वर महाजनी (१८५१–१९२३) हे या संदर्भांत प्रथम आठवणारें नांव. त्यांच्या आयुष्यांतील कर्तृत्वाचा मोठा भाग वऱ्हाडच्या शिक्षणखात्यांत व अकोल्यास गेला. शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’ या नाटकावरून त्यांनीं १८७९ मध्यें ‘तारा’ हें मराठी नाटक रचलें. ‘विंटर्स टेल’ वरून ‘मोहविलसित’ रचलें. ‘तारा’ नाटकाचा बडोद्याचा प्रयोग हॅरॉल्ड लिटलडेल या इंग्रज प्राध्यापकानें पाहिला व १८८० मध्यें विलायतेंतील एका मासिकांत त्याचें वर्णन लिहिलें. १९०७ सालीं पुण्यास भरलेल्या मराठी साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद महाजनींना मिळालें. शेक्सपिअर मराठींत आणणाऱ्याला कोशांतला पहिला अर्थ घेऊन चालत नाहीं. हें वाक्य राजा बोलतो कीं सेवक, रागानें बोलतो कीं थट्टेनें, आणि आपल्याकडे असा मनुष्य अशा वेळीं काय बोलेल, याचा विचार प्रत्येक ओळीला करावा लागतो. असें वाचन हेंच भाषेचें खरें अध्ययन. महाजनींच्या इंग्रजी विद्येचें फळ मराठीच्या पदरांत पडलें, ही गोष्टही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

दुसरें उदाहरण अमरावतीचें. गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म १८५४ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून ते १८७७ सालीं पदवीधर झाले, १८८४ मध्यें त्यांनीं कायद्याची परीक्षा दिली, आणि पुढें अमरावतीस त्यांची वकिली गाजली. इंग्रजी व संस्कृत या दोन्ही वाङ्मयांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणून प्रसिद्ध असलेले हे गृहस्थ आपली रोजनिशी इंग्रजींत लिहीत, आणि ती त्यांनीं अनेक वर्षें चालविली. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांना शिक्षा झाल्यावर त्यांच्या अपिलाच्या खटपटीसाठीं खापर्डे विलायतेस गेले. त्यांचे समकालीन रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांचा जन्म धुळ्याचा; अकोला व अमरावती येथें त्यांनीं वकिली केली, आणि १९१२ सालीं बांकीपूर येथें भरलेल्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. १८९७ ची काँग्रेस अमरावतीस भरली, तेव्हां देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेल्या मंडळींचें कामकाज इंग्रजींत चाललें, आणि त्यांचें स्वागत करणाऱ्या समितीच्या अग्रभागीं खापर्डे होते. इंग्रजी ही या पुरुषांना केवळ परीक्षेपुरती भाषा उरली नव्हती. युक्तिवाद, पत्रव्यवहार, वाद आणि रोजचें टिपण अशा नित्य वापरानें ती त्यांच्या हातांत बसली होती.

१९०३ मध्यें वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताशीं जोडला गेला. १९०४ च्या युनिव्हर्सिटीज अॅक्टनंतर विद्यापीठांच्या हद्दी नव्यानें आंखण्यांत आल्या, आणि वऱ्हाडच्या शाळांचा मुंबईशीं असलेला संबंध सुटून अलाहाबादशीं जुळला. नकाशावर एक रेघ सरकली. पण विद्यार्थ्याच्या दृष्टीनें परीक्षक बदलला, प्रश्नपत्रिकेचें वळण बदललें आणि जुन्या टिपणवह्या निरुपयोगी झाल्या. ज्यानें उत्तरें पाठ केलीं होतीं त्याचें नुकसान झालें. ज्यानें भाषा आत्मसात केली होती त्याचें विशेष बिघडलें नाहीं. परीक्षा बदलली म्हणजे तयारींतलें काय खरें व काय पोकळ तें उघड होतें, हा धडा पुढेंही अनेकदां मिळावयाचा होता.

१९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें आणि त्याच वर्षीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें. पुढें विदर्भ महाविद्यालय म्हणून तें प्रसिद्ध झालें. प्रांतांतल्या प्रांतांत पदवीपर्यंत शिकण्याची सोय झाली. याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडांतील हायस्कुलांतून देशी भाषांतून विषय शिकविण्याचें धोरण सुरू झालें. त्यामुळें मुलाच्या बुद्धीवरचें एक मोठें ओझें उतरलें. मात्र कॉलेजांतील अध्यापन इंग्रजींतच राहिल्यामुळें अडचण नाहींशी झाली नाहीं. ती शाळेंतून उठून कॉलेजच्या पहिल्या वर्षांत जाऊन बसली.

त्या वर्षांचें सर्वांत बोलकें चरित्र पंजाबराव देशमुखांचें आहे. १८९८ सालीं अमरावती जिल्ह्यांतील पापळ या गांवीं एका शेतकरी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. गांवची शाळा थोड्या इयत्तांची. म्हणून पुढील शिक्षणासाठीं चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावतीचें हिंदू हायस्कूल आणि शेवटीं पुण्याचें फर्ग्युसन कॉलेज, असा प्रवास त्यांना करावा लागला. १९२० मध्यें ते विलायतेस गेले, एडिंबरो येथें एम्. ए. झाले, बॅरिस्टर झाले आणि ऑक्सफर्ड येथें वेदवाङ्मयांतील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून त्यांनीं डॉक्टर ही पदवी मिळविली. तो प्रबंध १९३३ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. पापळच्या शाळेपासून ऑक्सफर्डच्या ग्रंथालयापर्यंतचें हें अंतर शब्दांच्या यादीनें तोडतां आलें नसतें. आणि ज्या दारांतून आपण महत्प्रयासानें आंत गेलों, तें मागून येणाऱ्यांना उघडें असावें, हें त्यांनीं ओळखलें. अमरावतीचें श्रद्धानंद छात्रालय व श्री शिवाजी शिक्षण संस्था हीं त्या जाणिवेचीं रूपें होत. खेड्यांतल्या मुलाला शहरांत राहण्याची जागा, जेवण, दिवा आणि पुस्तकें मिळालीं, तरच त्याच्या अभ्यासाला अर्थ येतो.

वऱ्हाडांत ही धडपड चालू असतांना बंगालमध्यें त्याच प्रश्नाचा शास्त्रीय विचार होत होता. डाक्क्याच्या अध्यापक महाविद्यालयांत काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनीं १९२६ मध्यें द्वैभाषिकतेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, बहुतेक मुलें शाळा मध्येंच सोडतात. तेव्हां अर्धवट सुटलेल्या शिक्षणाचेंही कांहीं मोल हातीं उरलें पाहिजे. विम्याचे हप्ते मध्येंच थांबले तरी कांहीं रक्कम परत मिळते, तसेंच हें. असें मोल बोलण्यापेक्षां वाचनांतून लवकर मिळतें, म्हणून वाचनाला अग्रस्थान द्यावें. आणि वाचनाच्या पुस्तकांत नवे शब्द विरळ पेरून ते पुनःपुन्हां भेटतील अशी योजना करावी, असें त्यांनीं सुचविलें. तिकडे अमेरिकेंत थॉर्नडाइक यांनीं १९२१ सालीं वारंवार येणाऱ्या दहा हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. वेस्ट यांची सुमारें दोन हजार शब्दांची सुप्रसिद्ध यादी १९५३ ची. साध्या लिखाणांतील शंभरांपैकीं सुमारें ऐंशीं शब्द या दोन हजारांत सांपडतात. मात्र आधाराशिवाय नीट वाचावयाचें तर शंभरांतील पंचाण्णव ते अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, असें पुढील संशोधकांनीं दाखविलें. मधलें अंतर भरून काढण्यास पुष्कळ वाचन हाच उपाय आहे.

आजच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांचा इतिहासही याच दिशेनें गेलेला दिसतो. अमेरिकेंतील जी. आर. ई. ही परीक्षा १९३६ च्या सुमारास चार नामांकित विद्यापीठांच्या सहकार्यानें सुरू झाली. परभाषिकांचें इंग्रजी तपासणारी टोफेल ही परीक्षा १९६४ मध्यें आली. जी. आर. ई. मध्यें पुष्कळ वर्षें विरुद्धार्थी शब्द व शब्दांच्या जोड्या विचारीत. त्यासाठीं हजारों दुर्मिळ शब्द घोकण्याची प्रथा पडली आणि त्यावर पुस्तकांचा बाजार उभा राहिला. जुन्या किल्ल्यांचाच हा नवा अवतार. २०११ सालीं ते प्रश्न परीक्षेंतून काढून टाकण्यांत आले. त्यांच्या जागीं वाक्यांतील रिकाम्या जागा संदर्भावरून भरणें, समानार्थी वाक्यें ओळखणें आणि उतारे वाचून लेखकाचा युक्तिवाद समजून घेणें यांना महत्त्व आलें. १९०२ च्या कमिशनची तक्रार शंभर वर्षांनंतर परीक्षा रचणाऱ्यांनीं अशा रीतीनें मान्य केली.

तर मग सराव करावा कसा? जुन्यांच्या अनुभवांतून व नव्यांच्या संशोधनांतून एकच उत्तर येतें. रोज थोडें, पण विषय बदलून वाचावें. नवा शब्द आला कीं कोशाकडे धांव घेण्यापूर्वीं वाक्यावरून त्याचा अर्थ ताडावा, मग कोशाशीं ताडून पाहावा, आणि वहींत शब्द एकटा न लिहितां वाक्यासह लिहावा. जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनीं विस्मरणावर केलेले प्रयोग १८८५ मध्यें प्रसिद्ध झाले. पाठ केलेलें प्रथम झपाट्यानें विसरतें, आणि उजळणी दिवसांच्या अंतरानें विभागली म्हणजे अधिक टिकतें, असें त्यांत दिसून आलें. म्हणून ती वही दुसऱ्या दिवशीं, आठवड्यानें आणि महिन्यानें पुनः उघडावी. दुहेरी भाषांतराची युक्तीही अजून जुनी झालेली नाहीं. इंग्रजी परिच्छेदाचें मराठी करावें, कांहीं दिवसांनीं त्या मराठीचें पुनः इंग्रजी करावें, आणि मूळाशीं ताडून पाहावें. राणी एलिझाबेथचे गुरु रॉजर अॅस्कम यांनीं लॅटिन शिकविण्यासाठीं हीच रीत सांगितली होती. त्यांचें पुस्तक १५७० सालीं प्रसिद्ध झालें. तर्खडकरांच्या पाठांवर वाढलेल्या मराठी माणसाला ती परकी वाटूं नये. यादी निरुपयोगी आहे असें नाहीं. वाचलेल्याची उजळणी करण्यास ती उत्तम. वाचनाऐवजीं ती आली म्हणजे मात्र फसविते.

वऱ्हाडांत आज साधनांची पूर्वींसारखी वाण नाहीं. अमरावतीचें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. अकोल्याच्या कृषि विद्यापीठाची स्थापना १९६९ ची, आणि त्याला पंजाबराव देशमुखांचेंच नांव आहे. अमरावतीचें स्वतंत्र विद्यापीठ १९८३ मध्यें झालें. कापसावरील कीड किंवा मातींतील ओल यांचा अभ्यास करणारा विद्यार्थी या संस्थांतून परदेशीं जाण्याची उमेद धरतो. परंतु परीक्षेची फी, शिकवणीचा खर्च आणि चांगलें इंग्रजी वाचावयास मिळण्याची संधि हीं सर्वांना सारखीं नाहींत. खेड्यांतील मुलगा बुद्धीनें मागें नसतो. त्याच्या आणि शहरांतील मुलाच्या मध्यें असतें तें वाचलेल्या पानांचें अंतर. मुलींच्या बाबतींत त्यांत मोकळ्या वेळाच्या अभावाचीही भर पडते.

हें अंतर परीक्षेच्या आधीं तीन महिने कोंडून घेऊन भरून निघत नाहीं. तें शाळेच्या लहानशा ग्रंथसंग्रहांत, गांवच्या वाचनालयांत आणि संध्याकाळीं दिव्याखालीं उघडलेल्या पुस्तकांत वर्षानुवर्षें भरत जातें. महाजनींनीं अकोल्यास जें वाचलें तें मराठी रंगभूमीला मिळालें. खापर्ड्यांचें इंग्रजी लोकमान्यांच्या कामीं आलें. पंजाबरावांची विद्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं वसतिगृह होऊन परत आली. प्रवेशपरीक्षेचा निकाल एका दिवसाचा असतो. तिच्या निमित्तानें लागलेली वाचनाची संवय मात्र माणसाजवळ राहते, आणि त्याच्याकडून ती त्याच्या गांवालाही पोंचते. ज्या गांवांत इंग्रजीचीं चार चांगलीं पुस्तकें आणि तीं वाचून दाखविणारा एखादा शिक्षक आहे, त्या गांवच्या मुलांची तयारी परीक्षेचा अर्ज भरण्याच्या कितीतरी आधींच सुरू झालेली असते.